सात महिन्यांच्या बाळाचा पासपोर्ट फोटो, आणि पुण्याच्या डहाणूकर कॉलनीतले स्टुडिओवाले काका

पाचपैकी पाच, आणि खरं तर त्याहून जास्त द्यायचेत. ज्यांच्या घरात तान्हं बाळ आहे आणि पासपोर्ट काढायचाय त्यांनी हे नक्की वाचा, कारण आम्ही या एका फोटोपायी आठवडाभर हैराण झालो होतो.

नणंद न्यू जर्सीला असते, तिच्याकडे जायचं ठरलं म्हणून लेकीचा पासपोर्ट काढायला घेतला. ती तेव्हा नुकती सात महिन्यांची झाली होती. आपला सगळ्यांचा फोटो पासपोर्ट सेवा केंद्रात काउंटरवरच काढतात ना, तसाच तिचाही काढतील असं मी धरून चालले होते. पण चार वर्षांच्या आतल्या मुलांचा फोटो आपणच घेऊन जायचा असतो, साडेचार बाय साडेतीन सेंटीमीटर आणि मागे पांढरं. हे मला कळलं तेव्हा अपॉइंटमेंट सात दिवसांवर आली होती.

आधी घरीच मोबाईलवर प्रयत्न केला. पलंगावर पांढरी चादर, त्यावर पिल्लू, वर मी वाकलेली. चादरीच्या सुरकुत्या फोटोत करड्या रेघांसारख्या दिसत होत्या आणि माझीच सावली तिच्या कपाळावर पडत होती. सत्तर एक फोटो काढले असतील, एकही धड नाही, आणि शेवटी ती रडायलाच लागली मग सोडून दिलं.

मग एका चकचकीत दुकानात गेलो, नाव नाही लिहीत. तिथल्या मुलाने नवऱ्याला फिरत्या स्टुलावर बसवलं, त्याच्या अंगावर पांढरा कपडा टाकला, मांडीवर पिल्लूला बसवलं आणि थेट तोंडावर फ्लॅश. ती दचकली आणि ओरडून रडली. तरी त्याने तीन फोटो काढले आणि म्हणाला होऊन जाईल, बाकीचं कॉम्प्युटरवर करतो. मागचं सगळं कापून पांढरं केलं त्यात तिच्या डाव्या कानाची कडा गेली, कपाळावरचं जावळ गेलं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे तिला गोरं करून दिलं! आम्ही सांगितलंही नव्हतं. माझी लेक सावळी आहे, माझ्या आईवर गेलीये, आणि त्या प्रिंटमध्ये कुठलं तरी दुसरंच बाळ होतं. सासूबाई फोटो हातात घेऊन नुसत्या बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "ही आपली नाही गं." मला तिथेच रडू आलं. लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचा असतो, पाच वर्षं प्रत्येक काउंटरवर हाच फोटो दाखवायचा, आणि त्यात माझ्या बाळाचा रंग बदललेला? दोनशे रुपये गेले त्याचं काही नाही, पण ते फोटो मी फाडून टाकले.

शेजारच्या मावशींनी या काकांचं सांगितलं. डहाणूकर कॉलनीतल्या आतल्या गल्लीत पहिल्या मजल्यावर जुना स्टुडिओ आहे, खाली झेरॉक्सचं दुकान, वरच्या बोर्डावरचं नाव उन्हाने इतकं उडालंय की वाचताच येत नाही. मी आधी फोन केला तर काकांनी पहिलाच प्रश्न विचारला, "बाळ दुपारी झोपून कधी उठतं?" मी म्हटलं साडेचार-पावणेपाचला. तर म्हणाले, "मग उठलं की दूध पाजा, ढेकर काढा आणि निघा, मी थांबतो, घाई करू नका." आणि एक सांगितलं, पांढरं किंवा क्रीम झबलं घालू नका, मागच्या पांढऱ्यात मिसळून जातं, गडद रंगाचं घाला आणि हेअरबँड, टोपी काही नको. हे आधीच्या दुकानात कोणी बोललंच नव्हतं. मी मरून रंगाचं झबलं घातलं.

स्टुडिओत गेल्यावर लगेच फोटो नाहीच. काकांनी पिल्लूला दहा मिनिटं नुसतं सगळीकडे बघू दिलं, कॅमेरा दाखवला, हात लावू दिला. मग त्यांचं लक्ष तिच्या गालावरच्या तिटेकडे गेलं. आमच्याकडे बाळ बाहेर निघालं की सासूबाई तीट लावल्याशिवाय सोडत नाहीत. मला वाटलं आता होणार वाद. पण काका अगदी शांतपणे म्हणाले, "वहिनी, फोटोपुरती पुसूया का? नाहीतर तो कायमचा तीळ वाटेल. झाल्याबरोबर मीच आठवण करतो." सासूबाईंनी काही न बोलता कापसावर खोबरेल तेल घेऊन स्वतःच पुसली. मला हे फार आवडलं, कारण दुसरं कोणी असतं तर हसलं असतं किंवा काहीतरी ऐकवलं असतं.

फोटो कसा काढला ते नीट सांगते कारण घरी काढणाऱ्यांनाही उपयोग होईल. उभं धरायचंच नाही. खिडकीजवळ एक बुटका दिवाण आहे, त्यावर पातळ गादी आणि पांढरा कपडा असा ताणून खाली खोचलेला की एक सुरकुती नाही. पिल्लूला त्यावर उताणं ठेवलं. दोन्ही बाजूंना थर्माकोलचे पांढरे तक्ते उभे केले, म्हणजे खिडकीचा उजेड उलट्या बाजूनेही येतो आणि कानामागे सावली पडत नाही. फ्लॅश अजिबात नाही. काका स्टुलावर उभे राहून बरोबर वरून कॅमेरा धरतात, पट्टा गळ्यात आणि वर मनगटाला एक वेढा, खाली बाळ आहे म्हणून.

आणि काकू! खरी कमाल काकूंची आहे. मी खुळखुळा वाजवायला लागले तर त्यांनी हातातून काढूनच घेतला, म्हणाल्या, "तू पायाशी वाजवलास तर ती पायाशीच बघणार, आवाज कॅमेऱ्याच्या शेजारून यायला हवा." आणि खुळखुळा बघून बाळ हसतं, तोंड उघडतं, आपल्याला तर मिटलेलं हवंय. मग त्या लेन्सच्या बाजूला तोंड नेऊन जिभेने टकटक आवाज करत होत्या, हळू, मध्येच थांबत. पिल्लू एकदम गप्प, ओठ मिटलेले, डोळे मोठ्ठे, ऐकत राहिली. तेवढ्या दोन सेकंदांत काका फोटो घेणार. मग ती परत पालथी पडायची, परत उताणी करायची, लाळ मलमलच्या फडक्याने टिपायची, परत टकटक. अर्धा तास गेला असेल पण दोघांपैकी एकाच्याही कपाळावर आठी नाही, आणि मध्ये ती किरकिरली तर काका म्हणाले घ्या तिला पाच मिनिटं, पाजायचं असेल तर आतली खोली आहे.

झाल्या झाल्या काकांचं पहिलं वाक्य, "वहिनी, तीट." सासूबाईंच्या पर्समध्ये काजळाची डबी होतीच.

नंतर कॉम्प्युटरवर मला शेजारी बसवून दाखवलं. फक्त मापात कापला, बाकी काहीही नाही. मी आधीच्या दुकानाचं सांगितलं तर म्हणाले, "मी रंगाला हात लावत नाही. बाळ जसं आहे तसंच छापायचं." फोटोत तिचा रंग, जावळ, दोन्ही कान, हनुवटीवरची खळी, सगळं जिथल्या तिथे. सासूबाईंनी एक कॉपी तिथेच मागून घेतली.

अमेरिकेच्या व्हिसाचं माप वेगळं असतं हेही काकांनीच विचारून काढलं, कुठे जाताय म्हणून. तो दोन बाय दोन इंच, चौकोनी, आणि त्यात हनुवटीपासून डोक्यापर्यंत २५ ते ३५ मिलिमीटर यायला हवं. ऑनलाइन फॉर्मसाठी फाइलही चौकोनीच, ६०० ते १२०० पिक्सेल आणि २४० केबीच्या आत, ती त्यांनी ईमेलवर पाठवली कारण व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की बारीक होतो. तो फोटो सहा महिन्यांच्या आतला लागतो, तेव्हा व्हिसाला वेळ असेल तर आत्ताच छापून ठेवू नका. दोन्ही मापांच्या आठ-आठ कॉप्या आणि फाइल मिळून अडीचशे रुपये घेतले.

मुंढव्याच्या केंद्रात पहिल्याच काउंटरवर फोटो स्कॅन झाला, काही प्रश्न नाही. जन्मदाखला आणि आई-बाबा दोघांच्या सह्यांचं अनेक्शर डी (बाळाच्या पासपोर्टसाठीचं पालकांचं घोषणापत्र) बरोबर ठेवा. फी एक हजार असते पण आठ वर्षांखालच्यांना दहा टक्के कमी, आम्हाला नऊशे पडली.

जाणाऱ्यांसाठी थोडं. जिना अरुंद आहे आणि लिफ्ट नाही, बाबागाडी वर जात नाही, खाली झेरॉक्सवाल्यांकडे ठेवू देतात. गाडी लावायला गल्लीत जागा नाही, रिक्षाने जा. खिडकीच्या उजेडावर काम चालतं म्हणून पावसाळ्यात संध्याकाळी जाऊ नका, आम्ही गेलो तेव्हा उन्हाळा होता, साडेपाचलाही लख्ख उजेड होता. तुमचं बाळ सकाळी खुशीत असतं का दुपारी ते फोन करून सांगा, काका त्याप्रमाणे वेळ देतात.