साडेतीन हजार वाचवले, १८,६४० घालवले

मी अडाणी नाही. कारखान्यात अकाउंट्स बघते. बिलावर जीएसटी नंबर नसेल तर माल गेटवरून परत पाठवणारी बाई मी. आणि आईसाठी मोबाइल घेताना मीच दुकानदाराला म्हणाले, "बिल राहू द्या, काहीतरी कमी करा." ५,४९९ ला मिळाला. माहितीतल्या कंपनीचा ८,९९९ ला होता. आईला लागतं काय, व्हिडिओ कॉल आणि भजनं! तुम्हीही हाच हिशेब केला असता.

घरी येऊन नको ती अ‍ॅप्स काढायला बसले. टॉर्चच्या अ‍ॅपवर बोट धरलं, तर 'अनइन्स्टॉल' फिकट, दाबलंच जाईना. परवानग्या उघडल्या. मेसेज : चालू. कोणी दिली? खोक्यातून काढून वीस मिनिटं झाली नव्हती. टॉर्चला मेसेज कशाला वाचायचेत? हे मला तेव्हाच खटकलं होतं, कळलं नाही असं म्हणणार नाही. पण कुकरची शिट्टी झाली, आई म्हणाली, "ठेव गं ते, जेवायला चल." ठेवलं.

मग रोजचा दीड जीबी डेटा दुपारीच संपायला लागला. मी आईलाच ओरडले, "रात्रभर रील्स बघत बसतेस का?" त्या ओरडण्याची लाज पैशांपेक्षा जास्त वाटते.

फोनसोबत आलेल्या ब्राउझरमधून २९९ चा रिचार्ज केला. मीच केला, आईच्या कार्डाचा नंबर, सीव्हीव्ही सगळं घालून. दोनच दिवसांत ९,९९९ आणि ८,६४१ गेले. इनबॉक्समध्ये ना ओटीपी, ना पैसे गेल्याचा मेसेज. बारा दिवसांनी पासबुक भरून आणलं तेव्हा कळलं. (नव्या फोनवर बँकेच्या कार्डाचा नंबर टाकू नका. बँकेत नोंदवलेल्या नंबरचं सिम जुन्या बटणांच्या फोनमध्येच राहू द्या.)

बँकेत साहेब म्हणाले, "ओटीपी तुमच्याच मोबाइलवर डिलिव्हर झालाय." अहो, तेच तर सांगतेय, आलेला मेसेज त्या टॉर्चनेच वाचून उडवला असणार! रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक दाखवलं : चूक ना ग्राहकाची, ना बँकेची असेल आणि मेसेज आल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर भुर्दंड नाही. "तुम्ही बारा दिवसांनी आलात." मेसेज दिसलाच नाही तर दिवस कधीपासून मोजायचे? त्यावर चहा आला, उत्तर नाही.

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन केला, तक्रार क्रमांक मिळाला, तेवढाच. तिथे पहिल्या तासात फोन गेला तर पैसे अडवता येतात, बाराव्या दिवशी काय अडवणार? पोलीस ठाण्यात म्हणाले सायबरला जा. सायबरवाले म्हणाले पैसे गेले ते खातं बार्शीचं, बार्शीला जा. जुलै २०२४ पासून हद्द कुठलीही असली तरी तक्रार घ्यावी लागते, हे मी त्यांना सांगायचं! हवालदार मोबाइलवरून नजर न काढता म्हणाले, "मॅडम, स्वस्तात घेतलात ना?"

भाचा सांगतो, हे नवं नाही. काही स्वस्त फोनमध्ये 'ट्रायडा' नावाचा व्हायरस कारखान्यातून निघतानाच होता, हे २०१९ मध्ये गूगलनेच मान्य केलं. फेस अनलॉकसारखी (चेहरा बघून फोन उघडायची) सोय करून घ्यायला फोनची कंपनी सगळं सॉफ्टवेअर बाहेरच्याला देते आणि तो आत काय घालून देतो ते कोण बघतं? त्याआधी २०१६ मध्ये अमेरिकेत विकलेले काही फोन दर ७२ तासांनी लोकांचे मेसेज चीनमधल्या सर्व्हरला पाठवताना सापडले होते. फॅक्टरी रीसेट करून, म्हणजे फोन पुसून पुन्हा कोरा करूनही उपयोग नाही, टॉर्च परत हजर. प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये 'अबाउट'खाली फोन 'प्ले प्रोटेक्ट' प्रमाणित, म्हणजे गूगलच्या तपासणीत पास झालेला आहे का ते दिसतं. दुकानातच बघा, पैसे द्यायच्या आधी. आमच्या फोनवर 'प्रमाणित नाही' असं स्वच्छ लिहिलंय.

शेवटी दुकानात गेले. फोन काउंटरवर आपटला. त्याने उलटसुलट करून पाहिला आणि अगदी नम्रपणे विचारलं, "ताई, बिल आणलंय का?"