पती-पत्नी व्हिसाच्या मुलाखतीचा तयारीवर्ग : एक अभिप्राय

अमेरिकन नागरिकाशी विवाह झाल्यावर स्थलांतरित व्हिसासाठी जी मुलाखत द्यावी लागते, तिची तयारी करून घेणारा तीन आठवड्यांचा वर्ग मी लावला होता. मुलाखत होऊन व्हिसा हाती आल्यानंतरच हा अभिप्राय लिहिते आहे, त्यामुळे वर्गात सांगितलेले काय उपयोगी पडले आणि काय नाही हे मला अनुभवाने सांगता येते. संस्थेचे नाव मुद्दाम देत नाही.

माझे सगळे शिक्षण मराठी माध्यमातून झाले. इंग्रजी वाचते, समजते, पण बोलताना वाक्य अर्ध्यावर अडते. पहिल्याच दिवशी तेथील बाईंनी बजावले की, खिडकीपलीकडचा अधिकारी सर्वप्रथम तुमचे इंग्रजी पाहतो आणि ते कच्चे वाटले तर व्हिसा नाकारतो. हे ऐकून आमच्या तुकडीतील दोघी-तिघींचे चेहरे उतरले, माझाही उतरला. प्रत्यक्षात अमेरिकन नागरिकाच्या पत्नीला किंवा पतीला या व्हिसासाठी इंग्रजीची कोणतीही परीक्षा नाही. इंग्रजी वाचण्या-लिहिण्या-बोलण्याची चाचणी येते ती पुढे, नागरिकत्वाचा अर्ज करताना, आणि नागरिक जोडीदाराबरोबर राहणाऱ्याला तो अर्जदेखील कायम रहिवासी झाल्यावर साधारण तीन वर्षांनी करता येतो. ब्रिटनमध्ये मात्र नोव्हेंबर २०१०पासून जोडीदाराला प्रवेशासाठीच ए१ म्हणजे अगदी प्राथमिक पातळीचे इंग्रजी बोलण्या-ऐकण्याची परीक्षा द्यावी लागते, आणि जर्मनीने २००७ मध्ये बहुतेक परदेशी जोडीदारांना जर्मनची ए१ पातळी निघण्यापूर्वीच आवश्यक केली. या दोन देशांची अट बाईंनी तिसऱ्या देशाच्या माथी मारली होती. ही चूक अजाणता झाली असे समजून मी सोडून दिले असते. पण वर्गाचा दोन-तृतीयांश वेळ याच चुकीवर उभा होता.

त्या वेळात एक जाडजूड पुस्तिका पाठ करून घेतली जात असे. प्रश्न इंग्रजीत, उत्तरे इंग्रजीत, आणि उत्तरे सर्वांना तीच. ‘तुम्हाला पतीचा कोणता गुण आवडतो’ या प्रश्नावर आम्ही नऊजणी एकाच ठेक्यात सांगत होतो की ते अतिशय समजूतदार आणि कष्टाळू आहेत. नवऱ्याला हे फोनवर ऐकवले तेव्हा ते म्हणाले, “हा कोण माणूस? मला भेटवशील का त्याला?”

खरी गंमत सरावाच्या मुलाखतीत झाली. बाईंनी लग्नाचा फोटो समोर धरून विचारले की, तुमच्या शेजारी उभ्या असलेल्या या दोघी कोण. एक माझी नणंद आणि दुसरी थोरली जाऊ. इंग्रजीत दोघींना शब्द एकच, तेव्हा मी दोघींनाही ‘सिस्टर-इन-लॉ’ म्हणून मोकळी झाले. त्यावर बाई म्हणाल्या, “तुमच्या यजमानांना एकच बहीण आहे असे तुम्ही मघाशी सांगितलेत. मग ही दुसरी कुठून आली?” पुढच्या प्रश्नाला आणखी घोटाळा. विमानतळावर तुम्हाला घ्यायला कोण आले होते, असे विचारल्यावर मी सवयीने ‘ते आले होते’चे शब्दशः इंग्रजी केले आणि ‘दे केम’ म्हणाले. बाईंनी लगेच, कोण कोण आले होते त्यांची नावे विचारली. आले होते एकटे माझे यजमान. आदरार्थी बहुवचनाने नवऱ्याचे चार माणसांत रूपांतर केले होते. बाईंनी माझ्या कागदावर ‘उत्तरांत विसंगती’ असा शेरा लाल शाईने मारला आणि पुस्तिकेतील आणखी वीस उत्तरे पाठ करायला दिली. विसंगती उत्तरांत नव्हती, भाषांतरात होती, आणि मराठीत उत्तर दिले असते तर ती उद्भवलीच नसती, हे त्यांच्या ध्यानात आले नाही.

माझा मोठा आक्षेप याच्याही पुढचा आहे. या मुलाखतीत भाषेला महत्त्व आहेच, पण ते वेगळ्या कारणाने. लग्न खरे आहे की केवळ कागदोपत्री, हे अधिकाऱ्याला ठरवायचे असते आणि पती-पत्नींना एकमेकांशी बोलता येईल अशी एक तरी समान भाषा आहे का, हा त्यातला जुना निकष आहे. युरोपीय संघाच्या परिषदेने ४ डिसेंबर १९९७ रोजी बनावट विवाहांविषयी जो ठराव केला, त्यातील संशयाच्या खुणांच्या यादीतही दोघांना समजणारी भाषा नसणे ही एक खूण दिलेली आहे. आमचा सगळा संसार मराठीत चालतो, पुरावा म्हणून जोडलेले आमचे संदेशही मराठीतच होते. अशा जोडप्यातील बाई खिडकीशी उभी राहून पाठ केलेल्या, नवऱ्याशी ती कधीच बोलत नाही अशा इंग्रजीत उत्तरे देऊ लागली, तर अधिकाऱ्याच्या मनात नसलेला प्रश्न तीच निर्माण करते. दुभाषा मागितला तर छाप वाईट पडते, असेही आम्हाला सांगण्यात आले होते. हा सल्ला निव्वळ चुकीचा नाही, घातक आहे.

वकिलातीत माझा अनुभव पूर्ण वेगळा होता. बोटांचे ठसे झाले, उजवा हात वर करून शपथ झाली आणि पाठोपाठ कोणत्या भाषेत बोलणार ते विचारले गेले. मी मराठी म्हणाले. शेजारी एक मराठी बोलणाऱ्या कर्मचारी बाई येऊन उभ्या राहिल्या. ओळख कशी झाली, लग्नाला कोण कोण होते, यजमान काय काम करतात, अशा साध्या प्रश्नांतच बहुतेक मुलाखत संपली. फोटो याही वेळी निघाला. मी ‘नणंद आणि जाऊ’ म्हटले आणि दुभाषी बाईंनी एकीला नवऱ्याची बहीण, दुसरीला नवऱ्याच्या भावाची बायको असे उलगडून सांगितले. अधिकाऱ्याने मान डोलावली. नंतर त्याने विचारले की, तुम्ही दोघे घरी कोणत्या भाषेत बोलता. पुस्तिकेत हा प्रश्न नव्हता.

वर्गातील सगळेच वाया गेले असे म्हणणे अन्यायाचे होईल. तेथे एका खोलीत काचेची तावदाने बसवून पलीकडून ध्वनिक्षेपकावर प्रश्न विचारण्याची सोय केली होती, आणि तिचा मला फार उपयोग झाला. काचेमागून येणारा आवाज खरखरीत आणि तुटक असतो, त्यामुळे मातृभाषेतला प्रश्नही पहिल्यांदा नीट कळत नाही, आणि न कळलेला प्रश्न अंदाजाने उत्तर देण्याऐवजी पुन्हा विचारायला सांगण्याचा धीर मला त्या खोलीनेच दिला. कागदपत्रांच्या दिवशीचे मार्गदर्शनही चोख होते. इंग्रजीत किंवा अर्ज करतो त्या देशाच्या अधिकृत भाषेत नसलेल्या प्रत्येक दस्तऐवजाला प्रमाणित भाषांतर लागते, आणि भाषांतर अचूक असून आपण ते करण्यास सक्षम आहोत असे निवेदन भाषांतरकाराच्या सहीने त्याला जोडावे लागते. हे निवेदन माझ्या दोन कागदांना नव्हते, ते तेथील लिपिकाने पकडले. विवाहाला दोन वर्षे पूर्ण होण्याआधी अमेरिकेत प्रवेश केला तर मिळणारे वास्तव्य दोन वर्षांपुरते सशर्त असते, आणि मुदत संपण्यापूर्वीच्या नव्वद दिवसांत अट काढून घेण्याचा अर्ज करायचा असतो, हेही त्यांनी न विचारता समजावले.

थोडक्यात, शुल्काच्या मानाने मिळालेले फार कमी आहे. काचेची खोली आणि कागदांची तपासणी एवढ्या दोनच गोष्टींसाठी वेगळे शुल्क घेतात का, असे मी कार्यालयात विचारले. पूर्ण वर्गच घ्यावा लागेल असे उत्तर मिळाले. आमच्या तुकडीतील एका मैत्रिणीची मुलाखत पुढच्या महिन्यात आहे. तिने माझी पुस्तिका मागितली होती. ती न देता मी तिला सुचवले आहे की, रोज रात्री नवऱ्याशी फोनवर बोलून झाले की त्यातलेच पाच प्रश्न स्वतःला विचारावेत आणि उत्तरे ज्या भाषेत सुचतील त्याच भाषेत मोठ्याने म्हणावीत.