काटा मायनसवरच: कास्ट आयर्न बुलेटला ईएफआय बसवून अकरा महिने

जुलैच्या तिसऱ्या शनिवारी, रात्री साडेआठला, केळघर घाट उतरल्यावर गाडी बंद पडली. महाबळेश्वरहून मेढ्याकडे येत होतो. धुकं इतकं की दुसऱ्या गिअरच्या वर जाता आलं नव्हतं. हेडलाइट अर्थातच चालू. तासभर अँपिअर मीटरचा काटा मायनसकडे झुकलेला, म्हणजे बॅटरी रिकामी होत असलेली, मला दिसत होती. आधी सायलेन्सरमध्ये दोन-तीन फटके आले, मग थ्रॉटलला प्रतिसाद मिळेना, मग सगळं शांत. चावी फिरवली तर पेट्रोलच्या विजेवरच्या पंपाचा एरवी येणारा आवाजसुद्धा धड येईना. बॅटरी बसली होती. टेम्पोत घालून गाडी साताऱ्याला आणली.

ही गाडी आबांची, १९७६ची बुलेट ३५०. बारा व्होल्ट त्यांनी केव्हाच करून घेतले होते. इंजिन कास्ट आयर्न, सत्तर बाय नव्वदचं (सिलिंडरचा व्यास आणि स्ट्रोक, मिलिमीटरमध्ये), आतापर्यंत दोनदा बोअर केलेलं. कार्बोरेटर मिककार्बचा व्हीएम २४. तो काढून मागच्या नोव्हेंबरात ईएफआयचं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शनचं किट बसवलं: अठ्ठावीस एमएमची थ्रॉटल बॉडी, एक इंजेक्टर, तीन बार दाबाचा बाहेरून लावायचा पंप, ईसीयू (पेट्रोल किती द्यायचं ते ठरवणारा छोटा संगणक) आणि सायलेन्सरच्या बेंडला धुरातला ऑक्सिजन मोजणारा वाइडबँड सेन्सर. कारण आबांचा गुडघा. वय चौऱ्याहत्तर, आणि थंडीत चार-पाच किका मारणं त्यांना जमेना. गाडी दारात उभी आणि ते तिच्याकडे बघत बसलेले, हे मला बघवत नव्हतं.

आता अँपिअर मीटरचा विषय एवढा का लावून धरतोय, ते सांगतो. जुनी पॉइंटवाली बुलेट ज्यांनी चालवलीय त्यांना माहीत आहे. चावी चालू करायची, किक हळूहळू दाबत जायचं. पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे संपर्क, मिटलेले असतात तेव्हा काटा मायनसकडे असतो, उघडले की मधे येतो. म्हणजे पिस्टन कॉम्प्रेशनला वर आला. मग डीकॉम्प (सिलिंडरमधला दाब सोडणारी दांडी) ओढून किक थोडी पुढे न्यायची, सोडायची आणि मग एकच सणसणीत किक. मला हे आबांनी नववीत असताना शिकवलं. "काटा बघ. काटा मधे आला की थांब. घाई केलीस तर पाय मोडेल." हेडलाइटच्या वरच्या खोबणीतला तो रुपयाएवढा मीटर म्हणजे इंजिनाच्या आत बघायची खिडकी होती.

ईएफआय बसवताना पॉइंट आणि कंडेन्सर गेले. त्यांच्या जागी चुंबक आणि तो समोर आला की इशारा देणारा हॉल सेन्सर आला. हा सेन्सर इंजिनाच्या दर दोन फेऱ्यांना एक पल्स देतो, आणि एका सिलिंडरला तेवढी पुरते. वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणारी अॅडव्हान्सची वजनं जुनीच ठेवली. पण आता चावी फिरवली की पंप तीन सेकंद घुमतो, काटा मायनसला जातो, पंप थांबला की थोडा मागे येतो आणि तिथेच राहतो. किक कितीही हळू दाबा, तो काही सांगत नाही. किट विकणाऱ्याने याचा एका शब्दाने उल्लेख केला नव्हता. बसवणाऱ्या मेकॅनिकलाही यात सांगण्यासारखं काही वाटलं नाही. मला मात्र पहिल्या दिवसापासून ते लागलं.

पहिले दोन महिने मी या किटवर खूश होतो, हेही लिहायला हवं. डिसेंबरात साताऱ्यात पहाटे अकरा-बारा अंश असतात. चोक नाही, थ्रॉटल फिरवायचं नाही, पंप थांबेपर्यंत थांबायचं आणि किक. पहिल्या नाही तर दुसऱ्या किकेला सुरू. संक्रांतीच्या दिवशी सकाळी आबांनी स्वतः गाडी काढली, दोन किकांत सुरू केली आणि राजवाड्यापर्यंत जाऊन तिळगूळ घेऊन आले. दीड वर्षाने. त्या दिवशी मला पैसे वसूल झाल्यासारखं वाटलं आणि अजूनही तसंच वाटतं.

घाटातही फरक कळतो. कार्बोरेटरचं जेट साताऱ्याच्या हवेला लावलेलं असायचं. महाबळेश्वरला साडेतेराशे मीटरवर हवा विरळ होते, पेट्रोल मात्र तेवढंच येत राहतं, म्हणून गाडी जड व्हायची आणि प्लग काळा यायचा. आता ईसीयू हवेचा दाब वाचून पेट्रोल कमी करतो. पेट्रोल पंपावर मिळणाऱ्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचंही तेच. ते जुन्या जेटवर लीन पडतं, म्हणजे हवेच्या मानाने कमी पडतं, म्हणून मी कार्बोरेटरच्या पिनचं लॉक एक खाच खाली घेऊन पेट्रोल थोडं वाढवून ठेवलं होतं. वाइडबँड असल्यामुळे ते आता आपोआप सांभाळलं जातं. रबरी नळ्या मात्र सगळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घ्या. माझी एक जुनी नळी मार्चमध्ये मऊ होऊन फुगली होती आणि तीन बारच्या दाबाखाली ती फुटली असती तर काय झालं असतं, याचा विचारही नको वाटतो.

किटबरोबर आलेला मॅप, म्हणजे कधी किती पेट्रोल द्यायचं याचा ईसीयूतला तक्ता, भलत्याच इंजिनाचा होता. एका सिलिंडरच्या इंजिनात मॅनिफोल्डचा (हवा आत नेणाऱ्या नळीतला) दाब प्रत्येक स्ट्रोकला वरखाली उड्या मारतो. खालच्या आरपीएमला ईसीयूला कळेना की लोड किती आहे. म्हणून आयडल, म्हणजे गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग, त्यांनी साडेअकराशेवर ठेवून दिलं. बुलेटची फायरिंग, म्हणजे तो संथ ठेका, ऐकलेल्या माणसाला साडेअकराशेचं आयडल म्हणजे काय ते सांगायला नको. आबा पहिल्यांदा ऐकून म्हणाले, "ही धापा का टाकतेय?" शेवटी मी आणि मेकॅनिकने लॅपटॉप घेऊन चार रविवार घातले. दोन हजार आरपीएमच्या खाली दाबाऐवजी थ्रॉटलच्या कोनावर मॅप लावला, वर दाबावर. आयडल साडेआठशेवर आलं आणि जुनी फायरिंग परत आली.

आणि तिथेच गोची झाली. साडेआठशेवर अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज तयार करणारा) पुरेशी वीज देत नाही. क्लॅम्प मीटर लावून एकेक मोजलं: पंप साडेतीन अँपिअर, ईसीयू आणि इंजेक्टर मिळून एक, वाइडबँडचा हीटर एक, इग्निशन दीड, हेडलाइट साडेचार. बेरीज साडेअकरा. या गाडीचा अल्टरनेटर हेडलाइट, हॉर्न आणि कॉइल यांच्यापुरता बनवलेला. फायरिंग हवी तर काटा मायनस, काटा मधे हवा तर आयडल चढं. दिवसा शहरात चालून जायचं. धुक्यात, दुसऱ्या गिअरला, हेडलाइट लावून दीड तास, म्हणजे केळघर. पूर्वी बॅटरी अर्धमेली असली तरी धक्क्यावर गाडी निघायची. आता पंपाला व्होल्टेज मिळालं नाही तर धक्क्याचा काही उपयोग नाही.

दुसऱ्या दिवशी किटवाल्याला फोन केला. उत्तर मिळालं, "दिवसा चालवा, किंवा हेडलाइट बंद ठेवा." पावसाळ्यात घाटात हेडलाइट बंद ठेवा म्हणणाऱ्याशी पुढे काय बोलणार? मी तिथे आवाज चढवला. ज्या वस्तूला चार-पाच अँपिअर जास्त लागतात, ती विकताना अल्टरनेटर किती देतो हे विचारायला एक मिनिट लागतं. ते त्याने विचारलं नाही, याचा राग मला अजून आहे.

पण ऑगस्टमध्ये प्रायमरी कव्हर उघडल्यावर माझं मत थोडं बदललं. अल्टरनेटरच्या सहापैकी दोन कॉइल जवळपास मेलेल्या निघाल्या. वार्निश जळून काळं पडलेलं. म्हणजे कार्बोरेटर असतानाच चार्जिंग कमी होतं, फक्त तेव्हा ते भागत होतं. किट बसवण्याआधी मी स्वतः चार्जिंग मोजायला हवं होतं. कॉइल पुण्यात नाना पेठेतून भरून आणल्या, रेग्युलेटर-रेक्टिफायर नवा फुल वेव्ह लावला, हेडलाइटला अठरा वॅटचा एलईडी टाकला. आता साडेनऊशे आरपीएमला, हेडलाइट लावून, काटा मधल्या रेघेला चिकटून उभा राहतो. साडेआठशेवर अजून केसभर मायनस जातो. मी साडेनऊशेवर तडजोड केली.

खर्च लिहितो, कारण तो लपवण्यात अर्थ नाही. किट चौतीस हजार. वाइडबँड वेगळा, सात हजार दोनशे. मजुरी साडेसहा हजार. टाकीतला गंज काढणं आणि रिटर्न लाइनसाठी (जास्तीचं पेट्रोल टाकीत परत नेणारी नळी) भोक पाडून नट वेल्ड करणं, अठ्ठावीसशे. नंतरचं विजेचं काम साडेचार हजार. एकूण पंचावन्न हजार. मायलेज एकोणतीसवरून चौतीसवर आलं. माझं महिन्याला पाचशे किलोमीटर होतं, म्हणजे अडीच लिटर वाचतं, पावणेतीनशे रुपयांच्या आत. या हिशेबाने पैसे वसूल व्हायला सतरा वर्षं लागतील. पेट्रोल वाचवायला कोणी हे करणार असेल तर करू नका. पीयूसीत सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ३.९ टक्क्यांवरून १.१ वर आला. एप्रिल २००० च्या आधीच्या दुचाकींना मर्यादा ४.५ आहे, त्यामुळे गाडी आधीही पास होतच होती.

टाकीबद्दल दोन शब्द. जुन्या बुलेटच्या टाकीत गंज असतोच. कार्बोरेटरच्या बाउलमध्ये तो तळाला बसायचा, इंजेक्टरच्या भोकांना मात्र कणही चालत नाही. पंपाच्या आधी जाडसर आणि नंतर दहा मायक्रॉनचा, असे दोन फिल्टर लावा. आणि रिझर्व्हवर घाटात जाऊ नका. वळणावर गाडी कलली की पंप हवा ओढतो आणि इंजिन क्षणभर मरतं. ते नेमकं वळणावरच होतं.

गणपतीत मेकॅनिकने एक काम न सांगता केलं. हॉल सेन्सरच्या तारेवरून एक बारीक हिरवा दिवा काढून तो अँपिअर मीटरच्या शेजारी बसवला. किक हळू दाबत गेलं की चुंबक सेन्सरसमोर येतो आणि दिवा लागतो. काटा जे सांगायचा तेच. शंभर रुपयेसुद्धा घेतले नाहीत त्याने. मी आबांना दाखवलं. त्यांनी चावी फिरवली, पंप थांबू दिला, किक दाबत नेली, दिवा लागल्यावर थांबले. मग डीकॉम्प ओढला. पण त्या सगळ्या वेळात त्यांची नजर काट्यावरच होती.

व्हीएम २४ साफ करून, तेलाच्या फडक्यात गुंडाळून, पॉइंट आणि कंडेन्सरसकट पत्र्याच्या डब्यात ठेवला आहे. कोणी विकत मागितला तर देणार नाही.