खाणीच्या आम्लधर्मी पाण्याला चुना की कॉस्टिक?

पीएच वर नेला की लोह, जस्त, तांबं हायड्रॉक्साइड होऊन खाली बसतात, हे खाणीवर काम करणाऱ्याला सांगायची गरज नाही. अडतं ते पीएच कशाने वाढवायचा इथे. पिशवीतला विरलेला चुना, की टँकरने येणारं ४८ टक्के कॉस्टिक लाय, म्हणजे कॉस्टिक सोड्याचं (सोडियम हायड्रॉक्साइडचं) द्रावण? दोन्हींनी पाणी मर्यादेत आणता येतं, पण रोजचा त्रास वेगवेगळा.

आधी हिशोब. ताशी ५० घनमीटर पाणी आणि ५०० मिग्रॅ प्रतिलिटर आम्लता (कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात) धरली, तर ८० टक्के शुद्धतेचा चुना दिवसाला साधारण ५५५ किलो लागतो आणि लाय १ टन. हे कागदावरचे आकडे. प्रत्यक्षात चुना थोडा जास्त जातो, कारण त्याचा काही भाग न विरघळताच गाळात जातो. तरी पैशात चुना स्वस्तच पडतो.

कॉस्टिकची सोय मात्र खरी आहे. एक टाकी, एक डोसिंग पंप (रसायन मापून सोडणारा), पाच मिनिटांचं मिसळणं, झालं. ना धूळ, ना ढवळत राहायची भानगड. विदर्भातल्या थंडीत एकच सांभाळावं लागतं: पारा १२ अंशांच्या आसपास आला की ४८ टक्क्यांचं लाय पाइपात गोठू लागतं. २० टक्क्यांवर पातळ करून ठेवलं तर तो प्रश्न मिटतो. पातळ करताना लाय पाण्यात सोडायचं, पाणी लायमध्ये नाही, आणि तेही हळूहळू, कारण टाकी चांगलीच तापते.

चुन्याची तक्रार सगळ्यांना ठाऊक आहे: लाइन चोक होते. पाण्यात सल्फेट जास्त असेल तर जिप्समचा (कॅल्शियम सल्फेटचा) थर बसतो, पीएच प्रोबवर, म्हणजे पाण्यात बुडवलेल्या मोजणाऱ्या कांडीवर, पांढरी पुटं चढतात आणि मीटर खोटं बोलू लागतं. उपाय कंटाळवाणे असले तरी लागू पडतात. चुन्याचं दूध, म्हणजे पाण्यात कालवलेला चुना, १० टक्क्यांच्या आसपास ठेवा. लाइन टाकीतून निघून टाकीतच परतणारी करा, म्हणजे डोसिंग थांबलं तरी दूध फिरत राहतं. पाइपाच्या वळणावर एल्बोऐवजी प्लग लावलेले टी (तीन तोंडांचे जोड) घाला, म्हणजे गज घालून साफ करता येतं. शेवटचा तुकडा रबरी नळीचा ठेवा, बाहेरून ठोकली की थर सुटतो. प्रोब रोज पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवा. आणि माल उतरवून घेण्याआधी १०० ग्रॅम चुना बादलीभर पाण्यात कालवून बारीक चाळणीतून गाळा. वर राहिलेली कच वाळवून ५ ग्रॅमच्या पुढे भरली तर गाडी परत पाठवलेली बरी, पंपाचे व्हॉल्व्ह वाचतात.

तरीही माझा कल चुन्याकडे आहे. कारण एकच: कॉस्टिकचा गाळ.

तो बसत नाही. कॉस्टिकने तयार होणारा फ्लॉक (धातूंच्या हायड्रॉक्साइडचे पुंजके) फुगीर आणि पाणी धरून ठेवणारा असतो. उन्हाळ्यात क्लॅरिफायर (गाळ खाली बसवण्याची टाकी) सांभाळून घेतो, पण पावसाळ्यात खाणीतून येणारं पाणी वाढलं की तोच फ्लॉक कडेवरून बाहेर पडतो. वर पाणी जवळजवळ स्वच्छ दिसतं आणि प्रयोगशाळेचा रिपोर्ट मात्र फेल येतो. कारण साधं आहे. धातूंच्या नमुन्यात नायट्रिक आम्ल टाकतात, बाटलीत आलेला फ्लॉक त्यात विरघळतो आणि आपणच खाली बसवलेलं जस्त पुन्हा पाण्यात मोजलं जातं. मग ऑपरेटर डोस वाढवतो. कॉस्टिकने पीएच झटकन ११ च्या पुढे जातो आणि तिथे जस्त खरोखरच विरघळायला लागतं. म्हणून फेल रिपोर्ट आला की आधी एकच नमुना ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून आणि न गाळता, असा दोनदा तपासा. गाळलेला पास असेल तर दोष डोसचा नाही, गाळ बसण्याचा आहे.

फिल्टर प्रेसवर, म्हणजे कापड लावलेल्या प्लेटांमध्ये गाळ दाबून पाणी काढणाऱ्या यंत्रावर, हाच गाळ पुन्हा छळतो. चुन्याचा केक (दाबलेल्या गाळाची वडी) प्लेट उघडली की थपकन खाली पडतो. कॉस्टिकचा आतून श्रीखंडासारखा राहतो, कापडाला चिकटतो आणि प्रत्येक प्लेट प्लास्टिकच्या उलथन्याने खरवडावी लागते. घातक म्हणून वर्गीकृत झालेला गाळ वजनावर पैसे मोजून विल्हेवाटीला पाठवायचा असतो, तेव्हा ही ओल महागात पडते. केकमध्ये ३५ टक्के घन असेल तर १०० किलो कोरड्या गाळाचे सुमारे २८५ किलो होतात, २० टक्के असेल तर सरळ ५००. चुना वापरताना बसलेला थोडा गाळ परत आणून आधी दुधात मिसळला आणि मग पाण्यात सोडला, तर कण आणखी दाट होतात.

मँगनीज असेल तर दोघांचीही अडचण सारखीच. ते नीट बसायला पीएच ९.५ ते १० लागतो आणि पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ प्रमाणे नदी-नाल्यात सोडायची पीएचची मर्यादा ५.५ ते ९ आहे (धातूंची मर्यादा: मँगनीज २, लोह ३, जस्त ५ मिग्रॅ प्रतिलिटर). म्हणजे शेवटी थोडं आम्ल टाकून पीएच खाली आणावाच लागतो, पण फ्लॉक पूर्ण बसल्यावरच. घाईने आधी आणलात तर केलेलं मातीत.

पाणी पुढे शेतीला जाणार असेल तर कॉस्टिकमधून येणारं सोडियम काळ्या मातीला मानवत नाही. चिकणमातीचे कण सुटे होतात, जमीन घट्ट होते आणि पाणी मुरत नाही. चुन्याने पाण्याचा जडपणा वाढतो, पण हा दोष येत नाही.

ताशी चार-पाच घनमीटरच पाणी असेल, पंप अधूनमधून चालत असेल आणि रात्री माणूस ठेवणं परवडत नसेल, तर कॉस्टिक घ्या. चुन्याची लाइन तिथे बंद पडून पडून जाम होईल. बाकी ठिकाणी पहिल्या टाकीत चुन्याने ८ ते ८.५ पर्यंत न्यावं आणि अर्ध्या तासाने, चुना पुरता विरघळल्यावर, दुसऱ्या टाकीत उरलेला फरक पातळ कॉस्टिकने भरून काढावा. नियंत्रणाचा प्रोब त्या दुसऱ्या टाकीत, बाहेर पडणाऱ्या पाण्यापाशी बसवा. डोसच्या तोंडाशी बसवला तर तो दिवसभर पंप चालू-बंद करत राहील.