पीएसपी २०००: ९१ ग्रॅम कमी झाले आणि तो रोज पर्समध्ये यायला लागला

माझ्याकडे दोन पीएसपी आहेत, म्हणजे सोनीचे हातात धरून खेळायचे गेमचे मशीन (हँडहेल्ड), आणि दोन्ही अजून चालू आहेत. पहिला १००० मॉडेल, मामेभावाने २००६ ला दुबईहून आणून दिलेला, आणि दुसरा २०००, ज्याला सोनीने स्लिम अँड लाईट नाव दिलं, तो मी २००८ च्या दिवाळीच्या बोनसमधून घेतला. हल्ली जुने हँडहेल्ड घ्यायची लोकांना परत हौस आलीये, ऑफिसमधली पोरं विचारत असतात, ताई पहिला घेऊ का स्लिम घेऊ, दिसायला तर दोन्ही सारखेच आहेत, तर म्हटलं एकदाच नीट लिहून टाकते. स्लिम घ्या. का ते सांगते.

१००० चं वजन बॅटरीसकट २८० ग्रॅम आणि जाडी २३ मिलिमीटर. २००० चं वजन १८९ ग्रॅम, जाडी १८.६. म्हणजे ९१ ग्रॅम गेले, जवळजवळ अंघोळीच्या साबणाची अख्खी वडी. स्क्रीन तोच, ४.३ इंचाचा, ४८० बाय २७२ चा, लांबी साधारण तेवढीच, बटणं त्याच जागी. २००७ च्या जुलैत ई३ या गेमच्या प्रदर्शनात हे मॉडेल पहिल्यांदा दाखवलं आणि सप्टेंबरमध्ये बाजारात आलं, तेव्हा मी फोटो बघून म्हटलं होतं की यात नवीन काय केलंय, तोच तर आहे! आदल्याच वर्षी निन्टेंडोने डीएस लाईट हा त्यांचा हँडहेल्ड आणला होता, त्यात निदान स्क्रीन उजळ केला होता, इथे तर तेही नव्हतं.

हातात घेतल्यावर मत बदललं. मी तेव्हा डोंबिवलीहून सीएसटीला जायचे, लेडीज डब्यात, आणि रोज काही विंडो सीट मिळत नाही, बहुतेक वेळा चौथी सीट, म्हणजे अर्धं अंग बाहेर, एक पाय पॅसेजमध्ये रोवलेला, मांडीवर पर्स आणि डबा, आणि त्या सगळ्याच्या वर हातात पीएसपी. १००० अशा अवस्थेत धरला की घाटकोपर येईपर्यंत डावं मनगट भरून यायचं, कारण मांडीवर टेकवायला जागाच नसते, सगळा भार हातावर. महिनाभर नेला आणि मग तो कपाटात गेला, रविवारी दुपारी गादीवर पडून खेळायचं मशीन झालं ते. २००० घेतल्यापासून मात्र मी तो रोज नेला, तीन वर्षं, डबा, छत्री आणि पीएसपी. हातात आहे हे विसरायला होतं, आणि माझ्या मते हँडहेल्डकडून पहिली अपेक्षा हीच असते. स्टेशन आलं की वरच्या दिशेने पॉवरचा स्लायडर सरकवायचा, मशीन झोपतं, संध्याकाळी परत सरकवला की गेममधली गाडी त्याच वळणावर, त्याच वेगात. ही सोय १००० मध्येही होती, पण मशीन कपाटात असेल तर त्या सोयीचं करायचं काय?

ताकदीच्या बाबतीत दोघं सारखेच. प्रोसेसर ३३३ मेगाहर्ट्झचा, जो सुरुवातीला गेमसाठी २२२ वरच बांधून ठेवला होता, २००७ मध्ये एका अपडेटने ती मर्यादा काढली आणि तो फायदा जुन्या मशीनलाही मिळाला, म्हणून गॉड ऑफ वॉर चेन्स ऑफ ऑलिम्पस हा गेम दोन्हीवर सारखाच देखणा दिसतो. आतला खरा फरक मेमरीचा आहे, ३२ एमबीची ६४ केली. ही जास्तीची मेमरी डिस्कवरचा डेटा आधीच उचलून ठेवायला वापरतात, कारण यूएमडी म्हणजे प्लॅस्टिकच्या कवचातली छोटी चकती, १.८ जीबीची, ती फिरणार, खर्र खर्र करणार, मग कुठे गेम सुरू. मी जीटीए लिबर्टी सिटी स्टोरीज या गेमची एकच डिस्क दोन्ही मशीनमध्ये आलटून पालटून घालून बघितली, स्लिमवर थांबणं कमी होतं हे घड्याळ न लावताही कळतं, आणि चकतीची कुरकुरही कमी ऐकू येते. सगळ्या गेमना सारखा फायदा होत नाही, काहींत तर काहीच फरक पडत नाही, पण जिथे होतो तिथे ट्रेनमधल्या माणसाला त्याची किंमत कळते. याच जास्तीच्या मेमरीमुळे स्काईपही फक्त २००० पासून आलं, तेही वेगळा हेडसेट लावून, आज त्याचा काही उपयोग नाही ते सोडा.

आता डिस्कचं दार. १००० मध्ये वर एक खटका असायचा, तो सरकवला की दार स्प्रिंगवर उघडून वर यायचं, बघायला फार छान, घरी आलेल्या प्रत्येकाला मी ते उघडून दाखवलेलं आहे. २००० मध्ये खटकाही नाही आणि स्प्रिंगही नाही, नखाने कड धरून दार बाहेर ओढायचं, डिस्क सरकवायची, टक करून बंद. मला आधी वाईट वाटलं होतं, वाटलं इथे पैसे वाचवलेत. पण गर्दीत डिस्क बदलून बघा, खालून ट्रेन हादरे देतेय आणि शेजारची बाई कोथिंबीर निवडतेय, तेव्हा हेच साधं दार बरं वाटतं, एका बोटाचं काम. इतकी वर्षं झाली तरी माझं दार घट्ट आहे. काढून टाकायचं काय आणि ठेवायचं काय याचा कोणीतरी बसून नीट विचार केलाय हे मला त्या दाराशी पटलं.

काढून टाकलेल्यांत इन्फ्रारेड पोर्ट आहे, त्याची मला कधी आठवणही आली नाही. वायफायचा स्विच डाव्या कडेवरून वर नेला हे फार बरं केलं, आधी पर्समधून काढताना बोट लागून तो सरकायचा. स्पीकर आता स्क्रीनच्या दोन्ही बाजूंना समोर आहेत. चार्जिंग यूएसबीवरून होतं, सेटिंगमध्ये जाऊन ते चालू करावं लागतं, पण ऑफिसच्या कॉम्प्युटरला लावून ठेवता यायचं हे माझ्यासाठी मोठं होतं. १००० सोबत आलेला हेडफोनचा रिमोट मात्र स्लिमला चालत नाही, कारण टीव्हीला जोडता यावं म्हणून ते सॉकेटच बदललंय. त्या टीव्हीबद्दल आधीच सांगते, नंतर हिरमोड नको. २००० वरून गेम टीव्हीवर बघायचा तर कॉम्पोनंट केबल लागते, चित्रासाठी तीन वेगळ्या पिना असलेली, साध्या पिवळ्या पिनच्या केबलवर मेनू आणि व्हिडिओ येतात, गेम येत नाही. आणि कॉम्पोनंट लावली तरी गेम स्क्रीनच्या मधोमध छोटासा दिसतो, चारी बाजूंनी काळी चौकट.

बॅटरीची क्षमता १८०० एमएएचवरून १२०० वर आणली, म्हणजे तिसरा हिस्सा गेला, पण मशीनच वीज कमी खातं म्हणून माझ्या हातात खेळायचा वेळ साधारण तेवढाच भरला, जाऊन येऊन दोन दिवस आरामात. जुनी जाड बॅटरी स्लिममध्ये बसते पण मग झाकण लागत नाही, त्यासाठी फुगीर झाकण वेगळं मिळायचं.

मनासारखं न झालेलंही आहे. अंगठ्याने फिरवायची ती अॅनालॉग चकती एकच ठेवली. कॅमेरा फिरवायला दुसरी हवी होती हे तीन वर्षांत सगळ्यांना कळून चुकलं होतं, आणि बदल करायची संधी हीच होती, ती घालवली. तसंच १००० हातात घेतला की वजनामुळे एक भारदस्तपणा वाटतो, ते समाधान स्लिममध्ये नाही हे मी मान्य करते, तो हलका प्लॅस्टिकचाच वाटतो. आणि पियानो ब्लॅक रंग आरशासारखा, बोटांचे ठसे सतत, मी चष्म्याचं फडकं सोबत ठेवते.

पुढचा ३००० ऑक्टोबर २००८ ला आला, माईक आतच, रंग जास्त गडद आणि उन्हात स्क्रीन बरा दिसतो, शिवाय साध्या केबलवरही गेम टीव्हीवर येतात. पण वेगाने हलणाऱ्या चित्रात बारीक रेघा दिसतात, माझ्या डोळ्यांना त्या खुपतात, तुमच्या नसतील खुपत तर जरूर घ्या, वजनाचा फायदा त्यातही आहेच. २००९ चा पीएसपी गो मी घ्या म्हणणार नाही, त्यात यूएमडीच चालत नाही, मग हातातल्या डिस्कचं काय करायचं?

सेकंडहँड घेताना दोन-तीन गोष्टी बघा. कुठल्या देशातून आलाय याची काळजी नको, गेमच्या डिस्कला रीजनचं बंधन नाही, माझ्या दुबईच्या डिस्क इथल्या मशीनवर चालतात. मेमरी कार्डसाठी मायक्रोएसडीचं अडॅप्टर मिळतं. आणि बॅटरीची काळजी घ्या, हे कळकळीने सांगते. मी एका दुकानातून, नाव लिहीत नाही, नवी म्हणून बॅटरी घेतली होती, वर ३६०० एमएएच छापलेलं, १२०० च्या जागेत ३६०० कसे मावतील हे मी तेव्हा विचारायला हवं होतं. चार महिन्यांनी मशीन टेबलावर ठेवलं तर ते डुगडुगायला लागलं, उलटं करून बघितलं तर झाकण पोटासारखं फुगलेलं. लगेच काढली म्हणून मशीन वाचलं. घेताना मशीन उलटं करून सपाट टेबलावर ठेवा, झाकणावरून अंगठा फिरवा, जरा जरी उंचवटा लागला तरी त्या बॅटरीचे पैसे देऊ नका.