३१,४५० क्रोनर अक्कलखाती

स्वीडनच्या उत्तरेतील सारेक राष्ट्रीय उद्यानात पायी फिरण्यासाठी कोणताही प्रवेश परवाना लागत नाही. हे वाक्य सर्वांत आधी लिहिते आहे, कारण एवढे एक वाक्य मला वेळेवर ठाऊक असते तर 'परवाना शुल्क' म्हणून २,८५० क्रोनर आणि त्यापाठोपाठ आणखी २८,६०० क्रोनर एका भामट्याच्या खात्यात स्वतःच्या हाताने भरण्याची नामुष्की माझ्यावर ओढवली नसती.

उत्तरेच्या रानात जायचे हे पक्के होते. नेमके कुठे, हे ठरत नव्हते. एकीकडे आबिस्को ते निक्कालुओक्ता हा बराचसा कुंग्सलेदेन या लांब पल्ल्याच्या पायवाटेवरून जाणारा, साधारण १०५ किलोमीटरचा टप्पा होता. वाट खुणांनी आखलेली आणि ठरावीक अंतरांवर मुक्कामाला हट. दुसरीकडे सारेक : १९०९ साली जाहीर झालेल्या युरोपातील पहिल्या राष्ट्रीय उद्यानांपैकी एक, सुमारे १,९७० चौरस किलोमीटरचा मुलूख, आतल्या भागात आखलेली वाट नाही, पूल मोजके, आणि हिमनद्यांचे पाणी पोटात घेऊन उन्हाच्या दिवशी दुपारनंतर फुगणारे ओढे. ओळखीच्या ओळखीतून अशा मोहिमा आखून देणाऱ्या एका गृहस्थांशी पत्रव्यवहार सुरू झाला. त्यांचे दुसरेच पत्र असे होते : कुंग्सलेदेन ही हौशी मंडळींची वाट आहे, तुमच्यासारख्या अनुभवी व्यक्तीने सारेकच करावे. माझा अनुभव किती, हे त्यांनी तोवर विचारलेही नव्हते. मी पाघळले.

नंतरचे सगळे तुम्हाला माहीत असलेल्या वळणानेच गेले : आधी लहान रक्कम, मग घाई, मग मोठी रक्कम. परवान्याचे २,८५०, गाइडची आगाऊ रक्कम १२,६००, उद्यानातील हटच्या आरक्षणाचे ४,२००, आणि रापादालेन खोऱ्यात हेलिकॉप्टरने उतरवण्याचे ११,८००. प्रत्येक रकमेची शिक्क्यासह पावती आली. परदेशी खाते एका व्यक्तीच्या नावावर होते, संस्थेच्या नव्हे. मी विचारले तेव्हा 'लेखापालाचे खाते आहे' असे उत्तर मिळाले आणि मी ते मानले.

पण मला रात्री झोपू देत नाही तो क्षण वेगळाच आहे. हटचे पैसे भरायच्या संध्याकाळी मी नकाशा टेबलावर पसरून बसले होते. लाइताउरे सरोवराजवळ, उद्यानाच्या कडेला, आक्तसेच्या हटची खूण होती; तिथून बोट रापादालेनमधून वर सरकवत नेले आणि पुढे मुक्कामाच्या हटची एकही खूण सापडली नाही. त्या गृहस्थांनी तर चार रात्रींच्या चार हट नावानिशी दिल्या होत्या. कागद माझ्याशी खरे बोलत होता आणि मी काय केले? नकाशा जुना असावा, असे ठरवून त्याची घडी घातली आणि ४,२०० क्रोनर पाठवून दिले. त्यांच्या माहितीपत्रकात ऑगस्टच्या अखेरीस मध्यरात्रीचा सूर्य दाखवण्याचे आश्वासन होते. त्या भागात जुलै संपण्याच्या कितीतरी आधीपासून सूर्य रोज मावळू लागतो. हेलिकॉप्टरला तर उद्यानात असे प्रवासी उतरवण्याची मुभाच नाही. म्हणजे ज्यांचे पैसे भरले त्या चारांपैकी परवाना, हट आणि हेलिकॉप्टर या तीन गोष्टी मुळात अस्तित्वातच नव्हत्या, आणि चौथी, म्हणजे गाइड, तेवढी असेल असे मी धरून चालले होते.

मी भाबडी नाही, हे मला सांगितलेच पाहिजे. रापाएत्नो नदी खालच्या खोऱ्यात ओलांडू नये, स्किएर्फेच्या कड्यावरून त्रिभुज प्रदेश कसा दिसतो, डास केव्हा ओसरतात, हे सारे तो माणूस बिनचूक सांगत असे. ठिकाणाची खरी माहिती असणारा माणूस खरा असतोच असे नाही, हे तेव्हा सुचले नाही. ज्याला पैसे द्यायचे आहेत त्यालाच 'कुठे जाऊ' हे विचारू नका. ठिकाण स्वतः ठरवा आणि तिथले नियम उद्यानाच्या प्रशासनाकडून थेट वाचून घ्या.

निघायला नऊ दिवस असताना त्या भागातील एका निवासस्थानी मी सहज फोन केला. पलीकडच्या बाईंनी माझे बोलणे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "सारेकमध्ये कोणती हट?"

पुढचा अध्याय अधिकाऱ्यांचा. बँकेने सांगितले की चारही व्यवहार मी स्वतः मंजूर केलेले असल्याने ते 'अनधिकृत' ठरत नाहीत. जणू फसवणूक ही फसलेल्याच्या संमतीवाचून होत असते! पैसे जाऊन अठ्ठेचाळीस तास उलटायच्या आत कळवले असते तर प्रयत्न करता आला असता, हेही त्यांनी तेव्हाच सांगितले, म्हणून कोणालाही शंका आली तर पोलिसांआधी बँकेला फोन करावा आणि तोही त्याच तासाला. पोलिस ठाण्यात पहिला प्रश्न 'इतके पैसे भरेपर्यंत तुम्हाला कळले नाही का' हा होता, दुसरा 'हे सारेक नक्की कुठे आले' हा. गुन्हा परदेशात घडला म्हणून हद्द त्यांची नाही. स्वीडनला लिहिले तर पैसे तुमच्या देशातून गेले म्हणून तक्रार तिथेच करा. खाते तिसऱ्याच देशातले. मी एकच हकिकत अकरा वेळा लिहून दिली, प्रत्येक वेळी पावत्यांच्या प्रती नव्याने मागितल्या गेल्या, आणि हाती आले ते दोन तक्रार क्रमांक, ज्यांपैकी एक प्रणालीत सापडत नाही. पावत्या, पत्रे आणि खात्याचे तपशील मात्र जपून ठेवा. पडताळणी भरण्यापूर्वी करा, कारण नंतर ती कोणीच करत नाही.

गेल्या आठवड्यात एका 'वसुली सल्लागारा'चे पत्र आले. ३,१०० क्रोनर शुल्क भरल्यास माझे ३१,४५० क्रोनर परत मिळवून देण्याची हमी त्यात होती. रक्कम शेवटच्या आकड्यापर्यंत बरोबर होती. मी ते पत्र जसेच्या तसे तक्रारीला जोडून पाठवले. उत्तर आले की हा वेगळा प्रकार असल्याने त्यासाठी स्वतंत्र तक्रार नोंदवावी.