पडद्याआड गेलेला किरण : रंगमंचावरील धूरसूचक यंत्रणेचा वर्षभराचा अनुभव

कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळाले आणि आमच्या गावातील नाट्यगृहाच्या समितीने बराच काळ रखडलेला निधी मंजूर केला. त्या निधीतून रंगमंचावर बसवलेल्या धूरसूचक यंत्रणेला आता वर्ष होत आले आहे.

आधीची यंत्रणा अवरक्त किरणाची होती. एका भिंतीवरून निघालेला किरण समोरच्या भिंतीपर्यंत जातो आणि मध्ये धूर आल्यास तो क्षीण होऊन भोंगा वाजतो. प्रेक्षागृहासारख्या मोकळ्या जागेत ही पद्धत चांगली चालते. आमच्याकडे मात्र किरण ज्या उंचीवर होता, तेथूनच पडदे टांगण्याचे आडवे दांडे, म्हणजे बार, वर-खाली होत. झालर किरणात पूर्ण आली तर पॅनेलवर बिघाड दिसे, अर्धवट आली तर यंत्र तिलाच धूर समजे. एका नाटकाच्या दुसऱ्या अंकात भोंगा वाजला, तेव्हापासून प्रयोगापुरता तो विभाग बंद ठेवण्याची प्रथा पडली. म्हणजे दिवे तापलेले, कापड लोंबते आणि माणसे सर्वाधिक, नेमक्या त्याच तीन तासांत रंगमंचावर पहारा नसे.

नव्या यंत्रणेत ग्रिडवरून, म्हणजे रंगमंचाच्या छताखालील जाळीवरून, नळ्या फिरवल्या आहेत. त्यांच्या बारीक छिद्रांतून पंखा सतत हवा ओढतो आणि खाली बसवलेले यंत्र लेझरच्या साहाय्याने त्या हवेतील धूर तपासते. अडवण्यासारखा किरणच नसल्याने पडदा कुठेही थांबला तरी चालतो. तपासणीसाठी रंगमंचावर परांची बांधावी लागत नाही, हा फायदा तर जानेवारी आणि जुलैच्या अग्निसुरक्षा प्रमाणपत्रांच्या वेळी विशेष जाणवतो.

कंत्राटदाराच्या कामाबद्दल मात्र पूर्ण समाधान नाही. त्याच्या पहिल्या नकाशात नळ्या थेट कप्प्यांच्या दोरांच्या वाटेत आल्या होत्या. "बार पूर्ण वर गेला की कुठे थांबतो?" हा प्रश्न आमच्या जुन्या रंगमंच कामगाराने विचारला, तोवर तो कोणालाच सुचला नव्हता. नकाशा नव्याने करण्यात तीन आठवडे गेले. दुसऱ्या वेळी मात्र त्याच्या माणसांनी प्रत्येक बार वर-खाली करून पाहिला, खुणा केल्या आणि मगच क्लॅम्प लावले, हे नमूद केले पाहिजे. शिकागोच्या इरोक्वॉय थिएटरमध्ये ३० डिसेंबर १९०३ रोजी अग्निरोधक पडदा उतरताना मध्येच अडकला आणि सहाशेहून अधिक माणसे दगावली. वर टांगलेल्या वस्तूंच्या वाटा आधी तपासणे ही कागदी औपचारिकता नव्हे.

नाटकातील धुराचा प्रश्न पुरता सुटलेला नाही. ड्राय आइसचे धुके जमिनीलगत राहते, त्याचा उपद्रव होत नाही; फॉग मशीनचा धूर आणि नांदीच्या वेळचा धूप मात्र वर चढतो. यासाठी पहिली सूचना फक्त नियंत्रण कक्षात दिसते आणि तेथील माणूस विंगेत जाऊन पाहून येतो. धुराचा प्रसंग असेल तेवढ्यापुरती ही पहिली पातळी किल्लीने थांबवता येते व ठरावीक मिनिटांनी ती आपोआप सुरू होते. उष्णतासूचक कधीच बंद होत नाहीत.

बसवून घेणाऱ्यांनी एक काळजी घ्यावी. यंत्र प्रथम विंगेत लावले होते, तेव्हा शांत प्रसंगांत त्याच्या पंख्याची घरघर पहिल्या तीन रांगांपर्यंत ऐकू येई. ते मागच्या बोळात हलवण्याचा खर्च आम्हाला वेगळा सोसावा लागला.